वहिनींनी वाटलेली सतरा पॅड

कारखान्यात त्याला सगळे टिपकागद म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की टिपकागद. नावाला कारणही तसंच होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या खाली घालायची शोषक पॅड या कारखान्यात बनत, आणि प्रत्येक नव्या पॅडची परीक्षा घ्यायचं काम गेली एकतीस वर्षं याच्याकडे होतं. पॅडवर निळं रंगवलेलं मीठपाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, वर टिपकागदांची चळत ठेवायची, चळतीवर चार किलोचं वजन, आणि मग कागद उचलून तोलायचे. कागदांनी जितकं पाणी परत ओढून घेतलं तितकं पॅड वाईट. दिवसातून तीस-तीस वेळा हेच. त्याच्या खिशात, डब्याच्या पिशवीत, चष्म्याच्या घरात, कुठेही हात घातला तरी टिपकागदाचा तुकडा निघायचा. कुणाचा चहा सांडला की तो बोलणं न थांबवता तुकडा काढून त्यावर ठेवी आणि डाग कसा पसरतो ते बघत राही. ज्याने चहा सांडला त्याला ओशाळायलाही सवड मिळत नसे.

नुसता परीक्षा घेणाराच होता असं नाही. अधूनमधून सुधारणा सुचवायचा, आणि त्यातल्या काही चालूनही जायच्या. कारखान्याच्या अकरा पेटंटांवर शोधकर्त्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. कधी तिसरं, कधी चौथं, एकदा तर सहा जणांत सहावं. पहिलं नाव थोरल्या मालकांचं असायचं, दुसरं त्या वेळच्या मॅनेजरचं. थोरले मालक गेले, मॅनेजर तीन बदलले, याची जागा काही वर सरकली नाही. त्याची तक्रार नव्हती. तक्रार करायला जो आवाज लागतो तोच त्याच्याकडे नव्हता. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की तो आधी घसा साफ करायचा, आणि तेवढ्यात दुसरा कुणीतरी बोलून मोकळा व्हायचा.

पण निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा एक इच्छा मनात घर करून बसली होती. एक तरी पेटंट असं असावं, की ज्यावर एकच नाव आहे आणि ते आपलं आहे. लग्न राहूनच गेलं होतं. मागे नाव लावणारं कुणी नव्हतं. ही इच्छा त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती. वहिनींना ती पक्की ठाऊक होती, ही गोष्ट वेगळी.

दादा आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहत, हा वरच्या दोन खोल्यांत. जेवण खाली. दादा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा, जन्मभर जमिनीची मोजणी केलेला माणूस. उन्हातान्हात दुर्बीण आणि साखळी घेऊन फिरलेला. निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. जीभही जड झाली. एकेक शब्द यायचा, तोही मोजून मापून.

खिडकीपाशी पलंग लावला. टिपकागदाने कारखान्यातून आपलं सगळ्यात भारी पॅड खोकंभर आणलं आणि वहिनींना सांगितलं, "आता काळजी करू नका. दीड लिटर घेतं हे."

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी जिन्यातून हाक मारली. "भावोजी, जरा खाली या. तुमचं भारी पॅड गादी भिजवतंय."

"शक्यच नाही."

"बरं, शक्य नाही. मग चादरीला हात लावून बघा आणि मला सांगा, हे काय आहे."

त्याने हात लावला. चादर ओली होती, गादीही ओली होती. त्याने पॅड वर नेलं, कात्रीने उघडलं. मधोमध फुगलेल्या जेलीचा एक घट्ट गोळा, आणि दोन तृतीयांश पॅड कोरडं ठणठणीत. दीड लिटर पिणाऱ्या पॅडने पेलाभर पाण्यापुढेच हात टेकले होते.

आठवड्याभरात दादाच्या माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मग फाटली. जखम धुवायला एक दिवसाआड सकाळी नर्सबाई येऊ लागल्या. त्या पॅड बदलताना तोंडाने काही बोलत नसत, पण ज्या तऱ्हेने ते उचलून बादलीत टाकत ते पाहून टिपकागदाला मेल्याहून मेल्यासारखं होई. पॅड त्याने पास केलेलं होतं. मंजुरीच्या कागदावर त्याची सही होती.

उत्तर दादाकडून आलं. एकदा टिपकागद पलंगाशी बसून पॅड उलटंपालटं करत होता. दादाने उजव्या हाताने गादी थोपटली आणि म्हणाला, "उतार."

"काय?"

"उ-तार," दादा चिडून म्हणाला. मग कपाटाकडे बोट केलं. "पाणसळ."

कपाटात दादाची जुनी पितळी पाणसळ होती, मोजणीच्या दिवसांतली. टिपकागदाने ती गादीवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला. गादीच्या कडेपासून दादाच्या कंबरेखालपर्यंत साडेतीन सेंटिमीटरचा उतार होता. माणूस झोपतो तिथे गादी दबते, यात न कळण्यासारखं काय होतं? पण प्रयोगशाळेतलं टेबल दर सोमवारी सकाळी तो स्वतः स्क्रू फिरवून सपाट करायचा. केसभर उतार राहिला तर मापं चुकतील म्हणून. एकतीस वर्षं त्याने एकही सोमवार चुकवला नव्हता, आणि सपाट टेबलावर झोपणारा पेशंट त्याला आजवर भेटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबलाच्या दोन पायांखाली विटा घातल्या. मशीनवरचा मिस्त्री दारातून डोकावला. "साहेब, टेबल आजारी आहे का?"

"हो," टिपकागद म्हणाला. "आतापर्यंत नव्हतं, हेच चुकलं."

तिरप्या टेबलावर कारखान्याची सगळी पॅड एकामागून एक नापास झाली. कारणही कळलं. पॅडमध्ये जी पावडर असते ती पाणी पिऊन फुगते आणि तिची जेली होते. उतारावर सगळं पाणी एकदम तळाशी येतं. तिथली पावडर फुगते आणि मागून येणाऱ्या पाण्याला दार लावून घेते. पलीकडची पावडर तहानलेलीच राहते, पाणी बाजूने वाट काढतं. पावडर वाढवली तर दार आणखी घट्ट. मग त्याने उलटं केलं. मधली पावडर काढूनच टाकली. तिथे कुरळ्या धाग्यांचा एक फुगीर थर घातला, जो पाणी धरून ठेवत नाही, कंदिलाच्या वातीसारखं नुसतं पुढे ओढून नेतो. पावडर सगळी कडांकडे, पट्ट्यांमध्ये.

ही पॅड तो कामाची पाळी संपल्यावर हाताने बनवायचा आणि सहा-सहाच्या गठ्ठ्याने घरी आणायचा. प्रत्येकावर आकडा. वहिनींकडे एक वही दिली होती. त्यात तारीख, आकडा आणि निकाल. वहिनींनी निकालाचे तीनच शेरे ठरवले होते: कोरडं, बरं आणि शी. पहिल्या महिन्यात पानंच्या पानं शी होती. दुसऱ्यात बरं दिसू लागलं. चौथ्या महिन्यात ओळीने एकोणीस दिवस कोरडं, आणि दादाची जखम भरली. नर्सबाईंनी पट्टी काढली, नव्या गुलाबी कातडीवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "छान."

कारखान्यात या कामाची गुप्तता कडक पाळायची पद्धत होती. अर्ज दाखल होईपर्यंत नवी वस्तू ज्याच्या हाताला लागेल त्याने एका कागदावर सही करायची, की हे मी बाहेर बोलणार नाही, देणार नाही, दाखवणार नाही. टिपकागद याबाबतीत काटेकोर. मिस्त्रीची सही घेतली, झाडूवाल्याची घेतली, फाटकावरच्या पहारेकऱ्याने एकदा गठ्ठा उघडून पाहिला होता म्हणून त्याचीही घेतली. सगळ्या सह्या एका फायलीत, तारखेप्रमाणे लावलेल्या.

मॅनेजर वयाने लहान, पण माणूस वाईट नव्हता. तिरप्या टेबलावर नव्या पॅडवर त्याने स्वतः तीनदा पाणी ओतून पाहिलं. वरचे कागद उचलले, तोलले, जवळजवळ कोरडे. "मी म्हणत होतो पावडर कमी करून काही होणार नाही," तो हसत म्हणाला. "त्यामुळे यावर माझं नाव नको. तुमचं एकट्याचं टाका. तुमचंच आहे हे."

टिपकागदाने घसा साफ केला. मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात बराच वेळ उभा राहिला.

वकीलबाईंचं ऑफिस बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, एका औषधांच्या दुकानाच्या वर होतं. त्यांनी मसुदा वाचून दाखवला. शोधकर्ता या शब्दापुढे एकच नाव होतं. टिपकागदाने तो कागद उगीचच दोनदा हातात घेऊन पाहिला.

"आता एक प्रश्न सगळ्यांना विचारते तो," वकीलबाई म्हणाल्या. "अर्जाच्या आधी ही वस्तू कारखान्याबाहेर कुणी वापरली आहे का?"

"माझ्या भावाने. घरात. चाचणीसाठीच."

"ते चालेल, चाचणी म्हणून दाखवता येईल. तुमच्या नजरेखाली होतं ते. पण आणखी कुणी? म्हणजे ज्याच्यावर गुप्ततेचं बंधन नाही असं? वस्तू एकदा अशी मोकळी लोकांत गेली, की कायद्याच्या नजरेत ती नवी राहत नाही. मग पेटंट विसरा."

"कुणी नाही."

"नक्की? प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे."

"नक्की," तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. शुक्रवारी सही करून आणा म्हणून वकीलबाईंनी कागद त्याच्याकडे दिला. तो सोमवार होता.

संध्याकाळी चहा पिताना त्याने वहिनींना सगळं सांगितलं. एकट्याचं नाव, हेही सांगितलं. वहिनी इतक्या खूश झाल्या की त्यांनी दादाला ओरडून सांगितलं, जणू दादाचे कानही गेले होते. मग टिपकागदाने वकीलबाईंचा प्रश्न सांगितला. वहिनींचा हात कपबशीवरच थांबला.

"बाहेरच्या कुणीही म्हणजे... अगदी कुणीच?"

त्याने कप खाली ठेवला. "वहिनी?"

"तुम्ही सहा आणायचात. यांना चार लागायची. नर्सबाई म्हणाल्या, त्यांच्या दुसऱ्या पेशंटांची फार हलाखी आहे हो, कातड्या सोलून निघाल्यात. मग मी दिली."

"किती?"

"दोन-चार."

"वहिनी, किती?"

वहिनी उठल्या, वही घेऊन आल्या आणि शेवटचं पान उघडलं. तिथे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं. सहा घरं, प्रत्येकापुढे तारखा आणि आकडे, आणि नर्सबाईंना विचारून घेतलेले शेरेसुद्धा. कोरडं, कोरडं, बरं, कोरडं. एकूण सतरा.

टिपकागदाने कपाळाला हात लावला.

"तुम्ही कुठे म्हणालात देऊ नका म्हणून?" वहिनींचा आवाज चढला, कारण त्यांना रडू येत होतं. "चांगली वस्तू आहे, चार माणसांच्या कामी आली. मला काय ठाऊक असला कायदा!"

"तुमची सही घ्यायची राहिली," तो स्वतःशीच म्हणाला.

"माझी? दिराने भावजयीची सही घ्यायची? घरातल्या घरात?"

"पहारेकऱ्याचीसुद्धा घेतली होती मी."

मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि नाही सांगितलं तर? मी मूग गिळून बसेन. नर्सबाईंना मी बघते, त्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत. हे पान फाडलं की झालं. भावोजी, एवढ्या वर्षांनी एकदा तुमचं..."

त्याने वहीकडे पाहिलं. पान फाडणं कठीण नव्हतं. तो म्हणाला, "तशी ती पॅड वापरून टाकूनच दिली असतील. आत काय आहे हे कुणी बघितलं नसेल, तर कुणाला काय कळलं?" हे तो वहिनींना सांगत होता की स्वतःला, ते त्यालाही उमगत नव्हतं.

पलंगावरून दादाचा आवाज आला. "जागेवर... जा."

"म्हणजे?"

"जाऊन... बघ." मोजणीच्या कामात दादाचं जन्मभर हेच म्हणणं असायचं. कागदावर बांध सरकवू नका, जागेवर जा.

बुधवारी सकाळी टिपकागद रजा टाकून नर्सबाईंबरोबर निघाला. पहिल्या पाच घरांत त्याला हवं तेच ऐकायला मिळालं. छान होती हो, संपली, आणखी मिळतील का? उघडून पाहिली होती का, असं विचारलं की लोक नाक मुरडत. असली वस्तू वापरल्यावर कोण उघडून बघतो! प्रत्येक घरातून बाहेर पडताना त्याचं पाऊल हलकं होत होतं.

सहावं घर शिंप्याचं. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत त्याची आई. कधीकाळच्या शाळेच्या मोठ्या बाई, आता मांडीचं हाड मोडून सात महिने पलंगावर. शिंपी पंचेचाळिशीचा, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.

"हेच ते, पॅडवाले," नर्सबाई म्हणाल्या.

शिंप्याने टाचण्या तोंडातून काढल्या. "तुम्ही होय! या, बसा. मी म्हणतच होतो, ज्याने कुणी हे केलंय त्याला डोकं आहे. मधून काढून कडेला भरलंय सगळं. वा!"

टिपकागद बसलेला पुन्हा उठला. "तुम्ही उघडलंत?"

"उघडलं म्हणजे? उसवलं! कापड हातात आलं की आतलं अस्तर बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक वापरलं, एक उसवलं. गिऱ्हाइकांनाही दाखवलं, सहा-सात जण असतील. कुणाचे वडील, कुणाची सासू. म्हटलं बघा, किती सोपं आहे, आपल्यालाही शिवता येईल."

नर्सबाईंनी टिपकागदाच्या चेहऱ्याकडे पाहून पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला, पण प्याला नाही.

"फक्त एक खोट होती," शिंपी म्हणाला. "राग मानू नका."

"सांगा."

"तुमचा मधला थर पाणी चारही बाजूंना नेतो. आता आई झोपते कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. आडव्या बाजूला वीतभर जागा. तिकडे गेलेलं पाणी सरळ बाहेर. म्हणून मी काय केलं," असं म्हणत तो आत गेला आणि एक पॅड घेऊन आला. दुकानातली साधी पॅड फोडून, पातळ कापडाच्या पिशवीत त्याने स्वतः शिवलेलं. वरच्या थरावर दोन-दोन बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी मारल्या होत्या, सगळ्या लांबीच्या दिशेने. "पाणी टाक्यांच्या खाचेतून उभंच पळतं. आडवं जायची त्याची टाप नाही."

टिपकागदाने ते हातात घेतलं. खाचांवरून अंगठा फिरवला. क्षणभर त्याला पेटंट, शुक्रवार, वकीलबाई कशाचीच आठवण राहिली नाही. "मीठ आहे घरात?" त्याने विचारलं.

"मीठ?"

"आणि लिटरची बाटली. नऊ ग्रॅम, म्हणजे दीड चमचा."

शिंप्याच्या कापायच्या टेबलाखाली कापडाचा तागा सारून त्यांनी उतार केला. टिपकागदाने मीठपाणी ओतलं. पाणी टाक्यांच्या ओळींतून आगगाडीसारखं निघालं, आडवं थेंबभरही फुटलं नाही, आणि थेट पायाकडच्या टोकातून टेबलावर उतरलं.

"तिथे मी टॉवेल लावतो," शिंपी जरा खजील होऊन म्हणाला.

"टाके टोकापर्यंत का मारलेत?"

"शिवण मधेच थोडीच सोडतात? उसवेल ना."

"सोडा. चार बोटं आधी सोडा, आणि त्या चार बोटांत सगळी पावडर. पाणी पळत येऊन तिथे अडकू दे."

शिंप्याने टेप गळ्यातून काढला, पुन्हा घातला. "सोडून बघू," म्हणाला आणि मशीनवर बसला. नर्सबाई मधेच "मला अजून दोन पेशंट आहेत" म्हणून निघून गेल्या. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. बारा वाजेपर्यंत चार पॅड शिवून झाली. चौथं उतारावरही कोरडं राहिलं.

"हे तुमचं कुणाला दाखवलंय?" निघताना टिपकागदाने विचारलं.

"माझं? आईच्या अंथरुणातलं मी कुणाला दाखवू?"

घरी परत येताना तो बसच्या थांब्यावर बसला आणि दोन बस सोडल्या. प्रतिज्ञापत्र खिशात होतं. सही केली असती तर कुणीही विचारायला आलं नसतं, हे त्याला माहीत होतं. शिंपी काही कोर्टात जाणारा नव्हता. पण सही केली की उद्या शिंप्याने आईसाठी शिवलेलं पॅड गुन्ह्यात जमा होणार होतं, आणि मूळ पॅड तर शिंप्याने अर्जाच्या आधीच गिऱ्हाइकांना उसवून दाखवलं होतं. एकतीस वर्षांत वाईट आलेला आकडा त्याने कधी चांगला करून लिहिला नव्हता. तो काही मोठा गुण आहे असं त्याला वाटत नसे. तसं करायचं कसं, हेच त्याला येत नव्हतं. आता या वयात शिकायचं तर जमेल का, याचा त्याने प्रामाणिकपणे विचार केला. तिसरी बस आली तेव्हा तो उठला.

शुक्रवारी त्याने वहिनींची वही वकीलबाईंच्या टेबलावर ठेवली, शेवटचं पान उघडून. मॅनेजरही आला होता. वकीलबाईंनी पान वाचलं, चष्मा काढला आणि मसुदा बंद करून बाजूला ठेवला. "या रूपात अर्ज करता येणार नाही."

मॅनेजरचा चेहरा उतरला. "आठ महिन्यांचं काम तुमच्या वहिनींनी वाटून टाकलं!"

"त्यांचा दोष नाही. मी सांगितलं नव्हतं."

"अहो, पण सतरा पॅडचं कुणाला कळणार होतं?"

"शिंप्याला कळलं."

"उद्या हे पॅड कुणीही बनवेल. कुठलाही कारखाना. आपण बघत बसायचं."

"हो," टिपकागद म्हणाला. तसंच झालंही. वर्षाच्या आत आणखी दोन कारखान्यांची तशी पॅड बाजारात आली.

मग त्याने घसा साफ केला, आणि या वेळी कुणी मधे बोललं नाही. त्याने पिशवीतून चौथं पॅड काढलं. टाके दाखवले, टाके जिथे थांबतात ती जागा दाखवली. मॅनेजर पुढे झुकला. वकीलबाईंनी कोरा कागद घेतला.

"टाक्यांची कल्पना कुणाची?"

"शिंप्याची."

"आणि हे चार बोटं आधी थांबणं?"

"ते माझं."

मॅनेजर म्हणाला, "शिंप्याला आपण चांगला मोबदला देऊ. हक्क विकत घेऊ. अर्जावर नाव तुमचं एकट्याचं राहू द्या. त्याला काय करायचंय नाव?" तो हे चांगल्या मनानेच म्हणत होता.

टिपकागद लगेच नाही म्हणाला, असं नाही. त्याने टेबलावर सांडलेला शाईचा ठिपका पाहिला, खिशात हात घातला, हात तसाच बाहेर काढला. वकीलबाई मधे पडल्या नाहीत. त्या फक्त पेन धरून थांबल्या होत्या.

"त्याला विचारलेलं नाही आपण," तो शेवटी म्हणाला. "पण टाके त्याचे आहेत. पहिलं नाव त्याचं घाला."

वकीलबाईंनी दोन नावं लिहिली. "हक्क विकत घेता येतो," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "नाव घेता येत नाही. यांनी हो म्हटलं असतं तरी मी लिहिलं नसतं." मग त्याच्याकडे वळल्या. "आणि आता ज्याला ज्याला हे ठाऊक आहे त्या प्रत्येकाची सही आणा. घरातल्यांचीसुद्धा."

वहिनींनी सही करताना चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "आता आठवण झाली होय भावजयीची!" म्हणाल्या. नावं कुणाची आहेत आणि कितवी आहेत हे त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी जेवताना त्याच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. दादाने उजव्या हाताने वाकडीतिकडी सही केली आणि तारीख मात्र अगदी सरळ घातली.

नर्सबाईंनी बादली हातात धरूनच सही केली. शिंप्याने केली आणि विचारलं, शोधकर्ता म्हणजे नक्की काय, दुकानाच्या पाटीवर लावता येईल का? टिपकागद म्हणाला, पेटंट मिळाल्यावर लावा, आत्ता नको, आत्ता गप्प बसायचं आहे.

शेवटी शिंप्याची आई राहिली. तिच्याच अंथरुणात ते पॅड होतं, तेव्हा तिला वगळून चालण्यासारखं नव्हतं. उशीला टेकवून तिला बसवलं. तिने कागद डोळ्यांजवळ धरून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, मधेच एका वाक्याशी थांबून पेन मागितलं आणि एक विसरलेला स्वल्पविराम घातला.

"म्हणजे शेजारणीलाही सांगायचं नाही?"

"नाही, बाई."

"ती रोज विचारते, कसं काय कोरडं राहतं तुमचं."

"तरीही नाही."

"किती दिवस?"

"अर्ज जाईपर्यंत. अकरा दिवस."

तिने मुलाकडे पाहिलं, मग टिपकागदाकडे. "अकरा दिवस राहीन गप्प. त्यापुढची हमी देत नाही. माझ्या वयाला कुणीच देऊ नये." आणि तिने सही केली, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करावी तशी, खाली रेघ ओढून.

अर्ज दहाव्या दिवशी गेला.